चंडप्रताप रजेवर

सातारच्या जयसिंगराव फरांदे यांच्या कपाटात राहणाऱ्या वीर चंडप्रतापने लिलावाला नऊ दिवस उरलेले असताना एकवीस दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज दिला.

नलिनीबाई तेव्हा मेथी निवडत बसल्या होत्या. खोलीतून जांभळी तंग विजार, पिवळा पट्टा आणि पाठीवर लाल झगा असा एक उंचापुरा माणूस खांदा चोळत बाहेर आला.

"वहिनी, साहेब आहेत का?"

"आंघोळीला गेलेत. बसा. चहा टाकू?"

"टाका. हात खाली घेऊन बसायला मिळतंय, तेवढंच पुष्कळ झालं."

बाईंना त्याची दया आली. 'वीर चंडप्रताप, अंक पहिला, मगरींची विहीर' हे कॉमिक सत्तेचाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात छापलं गेलं. त्याच्या शेवटच्या पानावर चंडप्रताप विहिरीत आलेल्या वडाच्या पारंबीला एका हाताने लटकलेला आहे, खाली तीन मगरी आ वासून बसल्या आहेत आणि कोपऱ्यात 'क्रमशः' असं लिहिलं आहे. दुसरा अंक निघालाच नाही. छापखाना बंद पडला. पहिल्या अंकाच्या प्रती रद्दीत गेल्या आणि त्यांच्यातून कोल्हापूरकरांनी दोन वर्षं भेळ खाल्ली. वाचली ती ही एक प्रत. गडी तेव्हापासून लटकलेलाच होता. ना रविवार, ना दिवाळी.

जयसिंगराव टॉवेलने टक्कल पुसत आले आणि त्यांनी अर्ज हातात घेतला. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ते आस्थापना विभागात कारकून होते. त्या काळात त्यांनी कुणाचा वशिला ऐकला नाही, पण रीतसर अर्ज कधी नाकारलाही नाही. समास सोडलेला, तारीख टाकलेली आणि खाली 'आपला विश्वासू' लिहिलेला कागद समोर आला की हा माणूस विरघळायचा. हा अर्ज तर तीन प्रतींत होता.

"कारण, खांदा दुखणे व महाबळेश्वर पाहणे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "बरोबर आहे."

"अहो, काय बरोबर आहे? एकोणीस तारखेला अंकाचा लिलाव आहे ना? शेवटच्या पानावर नुसती पारंबी दिसेल."

"रजा शिल्लक आहे त्यांची, नलू. नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"

त्यांनी समासात 'बदली व्यवस्था झाल्यास मंजूर' असा शेरा मारला आणि बदली माणूस शोधायला बाहेर पडले. समोरचे निकम म्हणाले, लटकायला हरकत नाही, पण मगरी जमणार नाहीत. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी रक्तदाबाचं कारण दिलं. अकराच्या सुमारास जयसिंगराव घरी आले. शेऱ्याखाली त्यांनी 'बदली : स्वतः' असं लिहिलं, धुतलेला बनियन घातला, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा तसाच ठेवला आणि चष्मा सांभाळत शेवटच्या पानात उतरले.

"एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे," त्यांच्या डोक्यावरच्या फुग्यात अक्षरं उमटली.

नलिनीबाईंना याचं फारसं नवल वाटलं नाही. गेली तीस वर्षं हा माणूस त्या कॉमिकांमध्येच राहत होता. त्या खोलीत जाताना हात धुवायचे, धुतलेले पुसायचे, पुसलेले वाळवायचे. दार उघडं असताना फोडणी द्यायची नाही, धूर कागदाला बसतो. जिभेला बोट लावून पान उलटायचं नाही. पानाचा कोपरा मुडपायचा नाही. अंकावर भांडं ठेवायचं नाही, आणि नाव घालणं तर महापाप. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात बाईंनी एक कॉमिक वाचायला घेतलं होतं. तेव्हा नवरा इतका ओरडला की त्यांनी परत कधी कपाटाला हात लावला नाही. ते त्यांना लागलं होतं आणि अजूनही लागत होतं.

दुपारी लिलाव कंपनीचा माणूस ठरल्याप्रमाणे अंक न्यायला आला. जयसिंगरावांनी पानाच्या आतूनच पावतीवर सही केली, कारण करार म्हणजे करार. एकच्या एसटीने चंडप्रताप महाबळेश्वरला निघून गेला होता. बाईंनी कुकर लावला, एकच वाटी भात टाकला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी पुण्याला फोन लावला.

"दिघे बोलतोय, लिलाव विभाग."

"तो चंडप्रतापचा अंक आम्हाला परत हवाय. त्यात आमचे मिस्टर आहेत."

"कितव्या पानावर?"

"शेवटच्या."

दिघ्यांनी पान बघितलं असावं. "आहेत खरे. पण यादी छापून झाली, ताई. कलम अकराप्रमाणे अंकात जे काही असेल ते अंकाबरोबर जातं."

"आणि घेणारा कोण असतो?"

"यावेळी शिरगावकर साहेबांचा आकडा मोठा आहे. घेतलेला अंक ते पारदर्शक पेटीत सीलबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. आजवर त्यांनी एकही उघडलेला नाही. फार जपतात."

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. बाविसाव्या दिवशी चंडप्रतापला रुजू व्हायला पान उघडं लागणार. पान पेटीत आणि पेटी लॉकरमध्ये असली, तर तो कायमचा बाहेर आणि हे कायमचे आत. भांडायला का होईना, पण माणूस घरात हवा, असं त्यांना फार जोरात वाटलं. त्यांनी भिशीचे आणि गादीखालचे मिळून अडतीस हजार रुपये पिशवीत घातले आणि एकोणीस तारखेला सकाळची पुण्याची गाडी पकडली. वाटेत खायला म्हणून भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेतला.

लिलाव एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या मुंजीची फुलं अजून खांबांना होती. व्यासपीठावर टेबल, टेबलावर पांढरं कापड, कापडावर अंक. शेजारी श्रेणी अधिकारी कुमारी अष्टपुत्रे भिंग घेऊन बसल्या होत्या.

"किंमत कशावर ठरते, बाई?" नलिनीबाईंनी विचारलं.

"पहिला अंक आहे का, प्रती किती उरल्यात, नायक पहिल्यांदा दिसतोय का, हे सगळं बघतो," अष्टपुत्रे म्हणाल्या. "पण खरी किंमत अवस्थेवर. पिना गंजल्यात का, कागद पिवळा पडलाय का, कुणी वाचलंय का. न वाचलेला अंक सर्वांत महाग. शिवाय या प्रतीत नायकाच्या जागी बनियन घातलेला इसम छापला गेलाय. असा दोष जगात दुसऱ्या प्रतीत नाही. त्यामुळे अंदाज चौपट झालाय. श्रेणी दहापैकी नऊ पूर्णांक दोन."

नलिनीबाईंनी वाकून पाहिलं. जयसिंगराव लटकलेलेच होते, पण चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"नऊ पूर्णांक दोन, नलू!" फुगा भरून आला. "आयुष्यात मला कुणी एवढे गुण दिले नव्हते."

"अहो, ते लॉकरमध्ये घालणारेत तुम्हाला."

"कोरडी जागा असते," जयसिंगराव म्हणाले. "कसर लागत नाही."

बाईंना रडूही आलं आणि संतापही. तेवढ्यात दिघ्यांनी घंटी वाजवली. कलम चौदाप्रमाणे विक्रेत्याच्या माणसाने अंकाचं एकेक पान उलगडून दाखवायचं होतं. विक्रेता स्वतः पानात असल्यामुळे ते काम बायकोकडे आलं. त्यांना पांढरे हातमोजे दिले गेले.

बोली दोन लाखांपासून सुरू झाली. पुढच्या रांगेत शिरगावकर वेलदोडा चघळत बसले होते. ते बोट वर करत, दुसरं कुणीतरी करी, ते पुन्हा करत. पाच लाखांना बाकीचे थांबले. नलिनीबाईंनी पिशवीवरून हात फिरवला. अडतीस हजार होते तेवढेच होते. दिघ्यांनी हातोडा उचलला.

नलिनीबाईंनी हातमोजे काढून ठेवले, जिभेला बोट लावलं आणि सावकाश पान उलटलं.

सभागृहात कुणीतरी "अरेरे!" म्हणालं. अष्टपुत्र्यांनी भिंग लावलं. "कोपऱ्याला ओल. सात."

"कलम पंधरा," दिघे शांतपणे म्हणाले, "अवस्था बदलल्यास बोली नव्याने. तीन लाख कोण म्हणतं?"

"नलू, हात धुतले होतेस का?" फुगा थरथरला.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

शिरगावकरांनी तीन लाख म्हटलं. बाईंनी पुढचं पान उलटलं आणि खूण म्हणून त्याचा कोपरा चांगला नखाने दाबून मुडपला. "घडी. साडेपाच." शिरगावकर दीड लाखावर आले. बाईंनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि डबा शेवटच्या पानावर ठेवला. ठेच्याचं तेल डब्याच्या बुडाला आलेलंच होतं. डबा उचलला तेव्हा विहिरीवर एक लालसर गोल उमटला होता, त्याची एक कड जयसिंगरावांच्या गालावरून गेली होती.

"तेल, तिखट, लसूण," अष्टपुत्र्यांनी वास घेऊन नोंद केली. "तीन."

"माझी किंमत पाडतेस तू!" जयसिंगराव ओरडले. "चारचौघांत!"

"घरी चला, मग वाढवते."

"साठ हजार," शिरगावकर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण माणूस चिवट होता. "तेल पुसता येतं. बनियनवाला इसम दुर्मीळ आहे."

नलिनीबाईंनी आयोजकांच्या टेबलावरचं निळं बॉलपेन उचललं. नाव घालायला पानावर मोकळी जागा त्यांनी शोधली. वर पारंबी होती, खाली मगरी होत्या, बाजूला विहिरीच्या विटा. कोरी जागा एकच होती, ती म्हणजे नवऱ्याचं टक्कल.

"नको गं नलू, ते नको," फुग्यातली अक्षरं अगदी बारीक झाली. "ते निघत नाही."

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलंत."

मग त्यांनी शाळेत घालत तसं नाव घातलं : 'सौ. नलिनी जयसिंग फरांदे यांचे पुस्तक. सापडल्यास अथवा वाचून झाल्यास परत करावे.' शेवटचं अक्षर कानापर्यंत गेलं.

अष्टपुत्र्यांनी भिंग खाली ठेवलं. "नाव घातलेलं असलं की दोन शक्यता असतात. नाव प्रसिद्ध माणसाचं असेल तर किंमत वाढते. आपण प्रसिद्ध आहात का?"

"आमच्या आळीत चार घरं ओळखतात."

"मग उतरते. एक."

सगळे शिरगावकरांकडे बघू लागले. त्यांनी वेलदोडा रुमालात काढून ठेवला. "दुसऱ्याचं नाव असलेलं पुस्तक मी घेत नाही," ते म्हणाले. "ते परत करावं लागतं."

दिघ्यांनी विचारलं, "कुणाची काही बोली?"

"अकराशे," नलिनीबाई म्हणाल्या. हातोडा पडला. अकराशे रुपयांत कंपनीची दलाली आणि एक कापडी पिशवीही आली.

परतीच्या गाडीत त्यांनी अंक मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचला. गोष्ट बरी होती. शेवटच्या पानावर आल्यावर त्या थांबल्या.

"रागावलात?"

फुगा आला. "एक म्हणजे अगदीच कमी, नलू."

"मला चालतं."

"हात अवघडलाय गं."

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून अंगठा फिरवला. तिथेही डाग पडला. जयसिंगरावांनी खांदा आणखी पुढे केला.

उरलेले दिवस अंक स्वयंपाकघरात फळीवर उभा होता. जयसिंगरावांनी तिथून फोडण्या बघितल्या आणि ताकात मीठ कमी आहे असं दोनदा कळवलं. बाविसाव्या दिवशी साडेदहाला चंडप्रताप आला. चेहरा उजळला होता, हातात स्ट्रॉबेरीची करंडी होती आणि खिशात रुजू अहवाल. मगरींची चौकशी करून तो पानात चढला, जयसिंगराव खाली उतरले. पारंबीचा हात मात्र दोन दिवस वरच राहिला. शेजाऱ्यांना वाटलं, त्यांना काही विचारायचंय.

बाईंनी त्यांचं टक्कल साबणाने घासलं, लिंबाने घासलं, शेवटी रॉकेलचा बोळा फिरवला. गालावरचा गोल थोडा फिका झाला. नाव जसंच्या तसं राहिलं.

जयसिंगराव अजूनही दर रविवारी जुनी कॉमिकं शोधायला रद्दी बाजारात जातात. पूर्वी ते कागदात बुडाले की जेवायची शुद्ध राहत नसे, आणि नलिनीबाई ताट झाकून चारपर्यंत वाट बघत बसत. आता एक वाजला की रद्दीवाला त्यांच्या डोक्यावरचा मजकूर वाचतो, त्यांना रिक्षात बसवतो आणि पत्ता सांगतो. आजवर एकाही रविवारी कुणी परत करायला विसरलेलं नाही.