शालिकभाऊ आणि पिवळा बाण

पोरगी पाहायला आलेल्या मुलाला लोक काय विचारतात? पगार, शेती, घरात माणसं किती, फार झालं तर तंबाखूचा खर्रा खाता का. आमच्या शेजारच्या शालिकभाऊंनी सावसरहून आलेल्या मुलाला, त्याच्या हातात पोह्यांची प्लेट असताना, उभ्याउभ्याच विचारलं, "बाण पाहिजे का नाही पाहिजे?"

मुलाच्या बापाला वाटलं, ही देण्याघेण्यातली काहीतरी नवी चीज निघाली आहे. तो घाईघाईनं म्हणाला, आम्हाला काहीच नको जी, फक्त मुलगी द्या. हा रिश्ता मी आणला होता. मी तिथेच सोफ्याच्या टोकाला बसून होतो, आणि उठून घरी पळून जावं असं मला वाटून राहिलं होतं.

बाण म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुमचंही त्या बापासारखं होईल.

व्हिडिओ गेमची एक मालिका आहे. पोरं लहानाची मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी तिचे भाग निघूनच राहिले आहेत. खरं नाव इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. आमच्या पांढुर्ण्यात तिला सगळे 'गुहा' म्हणतात. कंदील घेतलेला एक म्हातारा जमिनीखालच्या गुहांमधून एक हरवलेलं गाव शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीच्या भागांत कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. फिरा, पडा, मरा, पुन्हा पहिल्यापासून या. पुढे कंपनीला लोकांची दया आली म्हणा, की धंद्याची अक्कल आली म्हणा, तिनं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळा बाण दिला. बाण जिकडे, म्हाताऱ्यानं तिकडे जायचं.

झालं. जगभर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, बरं झालं, आता निदान गेम पूर्ण तरी होते. दुसरी म्हणते, बाण आला आणि गेम मेला. पांढुर्ण्यात दोन पार्ट्या पडायला एरवी पोळ्याची गोटमार आणि मधात नदी लागते, इथे तीही लागली नाही. चहाच्या टपरीवर पोरं यावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्या सगळ्या विशी-पंचविशीच्या पोरांमधात पांढऱ्या मिशीचे, कृषी केंद्र चालवणारे शालिकभाऊ उभे. बाणाच्या विरोधात.

उभे म्हणतो, कारण हा माणूस बसत नाही. दुकानात खुर्ची आहे, तिच्यावर पावत्यांचा गठ्ठा बसतो. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, लग्नातली पंगतसुद्धा फिरत फिरत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या मागे चालावं लागते. मी शाळेत दिवसभर वर्गात उभा राहतो, पण मला धाप लागते यांच्याजवळ गेलं की.

संत्र्यावरच्या डिंक्याचं औषध घ्यायला शेतकरी येतो. भाऊ डबा काढून देतात आणि मधेच विचारतात, तुझा पोरगा गुहा खेळते का? कोणती? नवी? मग त्या बिचाऱ्याला तिसऱ्या गुहेतला दोन तोंडांचा बोगदा ऐकावा लागतो. डावीकडे गेलं तर पाण्याची वाट, उजवीकडे गेलं तर सरळ खड्डा. "आता सांगा, हे मी स्वतः पडून पडून शिकलो. बाण असता तं शिकलो असतो का? बाण दाखवला का बात खतम!" शेतकरी मान हलवतो, त्याला फवारा किती मारायचा तेवढंच पाहिजे असते. तो बोगदा मी स्वतः इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेतही कंदील घेऊन डावीकडे वळीन.

आणि हे गेमपुरतं असतं तरी चाललं असतं. मोबाईलवरचा नकाशा म्हणजेही त्यांच्या लेखी बाणच. लोधीखेड्याच्या पुढे एका खेड्यात लग्न होतं, मी त्यांच्या गाडीत बसलो आणि चूक केली. मी मोबाईल काढला, त्यांनी तो घेऊन डॅशबोर्डच्या खणात टाकला. आम्ही कपाशीच्या वावरातून गेलो, एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याला दोनदा प्रदक्षिणा घातली, आणि मांडवात पोचलो तेव्हा वऱ्हाडी हात धुऊन पान खात होते. मी उपाशी, तोंड फुगवून उभा. भाऊ खुशीत म्हणतात, "पण सापडलं का नाही, मास्तर?"

मोबाईलवर गुहावाल्यांचा एक मोठा ग्रुप आहे, देशोदेशींचा. त्यातही हे गेले. तिथे भांडणं वेगळीच. कोणी म्हणते, म्हातारा पूर्वी मुका होता तेच बरं होतं, आता नव्या भागात बडबड करते. कोणी म्हणते, कंदिलातलं तेल संपायलाच नको. यांना त्याच्याशी घेणंदेणं नाही. यांचा मुद्दा एकच. ब्राझीलमधल्या कोण्या माणसानं बाणाची बाजू घेतली, तर यांनी त्याला वऱ्हाडीत आवाज भरून पाठवला. त्यानं काय समजून घेतलं देव जाणे, पण हात जोडल्याचं चित्र पाठवलं. भाऊ म्हणाले, "शरण आला."

तर पोरीच्या लग्नाचं. पल्लवी त्यांची एकुलती एक. शांत, हुशार, नर्सिंग शिकलेली. तिच्यासाठी आधी आलेले दोघे याच प्रश्नानं गेले होते. एकानं सांगितलं, मी गेम खेळत नाही, दुसरे खेळतात ते मोबाईलवर पाहतो. भाऊ म्हणाले, "दुसऱ्याचं जेवण पाहून पोट भरते का?" दुसरा तर बाण म्हणजे काय हेच विचारून बसला. तेव्हा पल्लवी हसली होती, कारण तिलाही ते दोघे पसंत नव्हते. हा तिसरा, निखिल, बोरगावच्या कारखान्यात कामाला, घर सावसरला. हा मात्र तिला मनापासून आवडला होता. तिनं मला तसं स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून तर मी धावपळ करून राहिलो होतो.

निखिल सरळ पोरगा. त्यानं प्लेट खाली ठेवली आणि म्हणाला, "पाहिजे, काका. ड्युटीवरून येतो तं शोधत बसाले टाईम नाही राहत."

भाऊ बाहेर अंगणात गेले आणि फेऱ्या मारायला लागले. पाहुणे गेले तरी फेऱ्या चालूच. संध्याकाळी निरोप दिला: जमत नाही.

मला राग आला. राग म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ दुकानात गेलो आणि पावत्यांचा गठ्ठा उचलून त्या खुर्चीवर बसलो. म्हटलं, भाऊ, एका गेमपायी पोरीचं वाटोळं करून राहिले तुम्ही. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मला. ते औषधांचे डबे उगाच इकडून तिकडे ठेवत राहिले. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलले.

पल्लवी शाळेत असताना तिला कावीळ झाली होती, हे मला माहीत होतं. पोरगी महिनाभर खाटेवर. डॉक्टरनं सांगितलं, उठू देऊ नका. ती काही पडून राहायला तयार नव्हती, बापाच्याच वळणावर गेलेली. तेव्हा हे नागपुरातून तो गेमचा डबा घेऊन आले, कोणाचा तरी वापरलेला. तिच्या हातात रिमोट धरायचं त्राण नव्हतं. म्हणून बटणं हे दाबायचे आणि रस्ता ती सांगायची. यांना तेव्हा रस्ता लक्षात राहत नव्हता आणि तिला सगळं राहायचं. ती बरी झाली तरी खेळ तसाच राहिला, दर रविवारी, ती तिकडे खाटेवर आणि हे खाली सतरंजीवर. आयुष्यात हा माणूस बसला तो तेवढाच.

"बाण नव्हता ना जी, मास्तर," ते म्हणाले, "म्हणून बाजूले कोणीतरी लागत होतं. बाण आला तं बाजूवाल्याची गरजच काय?"

गठ्ठा पुन्हा खुर्चीवर ठेवून मी घरी आलो.

पल्लवीनं भांडण केलं नाही. रडली नाही, जेवण सोडलं नाही. आलेल्या रविवारी वहिनींनी मला निरोप पाठवला, जरा येऊन बसा, घरात जीव लागत नाही. मी गेलो तर दोघं टीव्हीसमोर, वहिनी दाराशी. तिसरी गुहा चालू. म्हातारा त्या दोन तोंडांच्या बोगद्याशी येऊन पोचला. भाऊंनी नेहमीसारखं विचारलं, "कोठी जाऊ, पल्लू?"

ती बोलली नाही.

"डावीकडे का उजवीकडे?"

ती पडद्याकडे पाहत बसून राहिली. मला वाटलं, आता हे जातील डावीकडे. साऱ्या तालुक्याला पाठ करवलेला रस्ता. पण त्यांचा अंगठा बटणावरून हलला नाही. म्हातारा कंदील धरून उभा. तेल कमी कमी होत गेलं, उजेड लहान झाला, आणि शेवटी पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात आम्ही चौघं दिसत होतो, कोणीच हलत नव्हतं.

भाऊंनी रिमोट सतरंजीवर ठेवला. "मास्तर," ते म्हणाले, "बोलवा बाप्पा त्या सावसरवाल्याले."

लग्न झालं. शालिकभाऊ मांडवभर इतके फिरले की फोटोवाल्याला त्यांचा एकही फोटो स्थिर मिळाला नाही. पोरगी काही अमेरिकेत दिली नाही, सावसर म्हणजे गाडीनं तासाभराच्या आत. तरी गाडी निघाली तेव्हा हा माणूस भर रस्त्यात तिच्या मागे चालत गेला, पार नाक्यापर्यंत, आणि मला त्याला हाताला धरून परत आणावं लागलं. त्यानंतर दुकानात गुहेचा विषय बंद. शेतकरी औषध घेऊन निमूट जाऊ लागले. टपरीवरची पोरं मुद्दाम बाणाची तारीफ करायची, तरी हे उलटून बोलायचे नाहीत. मला ते बघवत नव्हतं. मी एकदा स्वतःच म्हटलं, मी येतो रविवारी, मी सांगतो रस्ता. ते हसले, म्हणाले, तुम्हाले नाही जमत, तुम्ही बरोबर सांगान.

मला याचा अर्थ कळला नाही.

पुढे एका रविवारी दुपारी दही मागायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. टीव्ही चालू होता. सतरंजीवर भाऊ, हातात रिमोट. रिकाम्या खाटेवर उशी उभी केलेली आणि उशीला टेकवून मोबाईल ठेवलेला, तोंड टीव्हीकडे. मोबाईलमधून पल्लवीचा आवाज येत होता, मागे तिच्या घरी कुकरच्या शिट्ट्या. म्हातारा बोगद्याशी उभा.

"कोठी, पल्लू?"

"उजवीकडे, बाबा."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मोबाईलमधून जावयाचा आवाज आला, "अगं, डावीकडे आहे ना ते?" आणि लगेच पल्लवीचा, दबका, "तुम्ही चूप बसा."

शालिकभाऊंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी म्हाताऱ्याला उजवीकडे वळवलं, चार पावलं चालवलं आणि खड्ड्यात टाकलं. मोबाईलमध्ये पल्लवी खळखळून हसली.

"पडलो ना बाप्पा," ते म्हणाले. "आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून, बाबा."

"बरं," शालिकभाऊ म्हणाले, आणि त्यांनी सतरंजीवर नीट मांडी घातली.