मल्लिनाथअण्णांचा ओटीपी

डीमॅट खातं उघडल्यावर माणसं पहिल्यांदा विचारतात, कुठला शेअर घ्यावा. आमच्या मल्लिनाथअण्णांनी गोदामाचा पत्ता विचारला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दहा शेअर घेतले, पैसे बँकेतून गेले, मग माल कुठं आहे? मी त्यांना समजावलं की हल्ली कागद नसतो, शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात डिपॉझिटरीकडे जमा असतात. "म्हंजे गोदामच की," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, तसंच समजा. ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून ब्रोकरच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, गोदाम उघडा, माल बघायचाय. तिनं बिचारीनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर अण्णांचं नाव, कंपनीचं नाव आणि पुढं दहाचा आकडा. अण्णांनी वाकून पडद्याच्या मागं काय आहे तेही पाहिलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "पावती दाखवली, मास्तर. माल न्हाई दाखवला."

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत अण्णांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे रागावले की कानडीत रागावतात आणि समोरच्याला नेमकं काय ऐकून घ्यावं लागलं ते कळत नाही. उभं आयुष्य मार्केट यार्डात एका अडत्याकडे कांद्याचे लिलाव पुकारण्यात गेलं. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून शे-दीडशे माणसांना ऐकू जाईल असा भाव पुकारायचा, हा धंदा. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आवाजाला ते कुणी कळवलेलं नाही. अण्णांनी सकाळी अर्धा लिटर दूध मागितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आपल्याही दुधाची आठवण होते.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी दुपारच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म भरायचं काम शाळेनं माझ्या गळ्यात मारलेलं असल्यामुळे इमारतीत मी संगणकतज्ज्ञ समजला जातो. हा मान मी कधी नाकारला नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

खातं उघडलं ते अण्णांच्या मुलीनं, सवितानं. ती बेंगळूरूला नोकरी करते. तिची आई, म्हणजे आमच्या काकू वारल्या त्या वर्षीच्या दिवाळीत ती आली होती. अण्णांची एक मुदत ठेव संपली होती आणि तिला वाटलं, सगळंच बँकेत कुजवण्यापेक्षा थोडं शेअरमध्ये घालावं, अण्णांचा वेळही जाईल. तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. मी फराळाचं ताट घेऊन खुर्चीवर बसलो आणि मान हलवत राहिलो.

खातं उघडायला चेहरा दाखवावा लागतो. फोन सांगत होता, हलू नका, आता डोळे मिटा, आता उघडा. अण्णा त्या कॅमेऱ्याकडे असे बघत होते, जसे ते आयुष्यभर दुसऱ्याच्या वजनकाट्याकडे बघत आले. फोननं तीनदा कळवलं की चेहरा नीट दिसत नाही. चौथ्यांदा कंटाळून त्यानंच हार मानली. मग कोऱ्या कागदावर सही. अण्णांनी तीन सह्या केल्या, त्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या होत्या. सवितानं कपाळाला हात लावला तर म्हणाले, दर वेळी माणूस थोडा बदलतोच की. अण्णांकडे तेव्हा बटणांचा फोन होता, म्हणून खात्याला सवितानं स्वतःचा मोबाइल नंबर लावला. नंतर तिनं त्यांना चांगला मोठा फोन पाठवून दिला, पण खात्यावरचा नंबर तसाच राहिला. तो लक्षात ठेवा, असं मी सांगणार नाही. अण्णांनी तो कुणाला विसरूच दिला नाही.

अण्णांची गुंतवणुकीची पद्धत स्वतंत्र होती. ताळेबंद, नफा, कर्ज असल्या किरकोळ गोष्टींत ते पडत नसत. हातात घेतल्याशिवाय भाव करायचा नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. साबणाच्या कंपनीचे शेअर घेण्याआधी त्यांनी किराणा दुकानात वडी हुंगून पाहिली. सिमेंटच्या कंपनीसाठी इमारतीमागच्या बांधकामावर जाऊन मूठभर सिमेंट बोटांत चोळलं, तेव्हा वॉचमननं त्यांना हाकललं. सगळा देश ज्या कंपनीच्या मागं लागला होता, मीही लागलो होतो, तिच्याबद्दल मी त्यांना मोठ्या हौसेनं सांगितलं. ही कंपनी काय विकते, असं त्यांनी विचारलं. मला ते नीट सांगता येईना. अण्णा म्हणाले, "वरनं लालबुंद दिसतंय. आत कोंब आलाय." पुढं त्या शेअरचं जे झालं ते माझ्या बायकोला अजून माहीत नाही.

तर ओटीपी. खात्यात शिरायचं म्हणजे सहा आकडी क्रमांक लागतो, आणि तो जायचा सविताच्या फोनवर, बेंगळूरूला. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. बरोबर त्या वेळेला अण्णा बाल्कनीत येऊन तिला फोन लावत. ती आकडे सांगे आणि अण्णा ते पुकारत. "च्यार. आठ. धा... न्हाई, एक आन् शून्य." हा क्रमांक कुणालाही सांगू नका, असा इशारा त्या संदेशात असतो. अण्णा तो कुणालाही सांगत नसत, फक्त आमच्या इमारतीला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगत. मध्येच ती म्हणे, मीटिंगला जायचंय. तोवर क्रमांक शिळा होई. मग पुन्हा फोन, पुन्हा पुकारा. एवढ्या खटाटोपानंतर अण्णा घेत काय, तर एक शेअर. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटीपी मागवून तोच विकत. मी एकदा हिशेब करून दाखवला की दलालीतच सगळं जातंय. ते म्हणाले, हमाली-तोलाई कुणाला सुटलीय?

आकडे झाले की दोन-चार वाक्यं आणखी होत, ती मात्र मला कधी ऐकू आली नाहीत. असला आवाज असलेला माणूस तिथं एकदम कुजबुजायला लागे. माझी खात्री होती की सविता त्यांना आतल्या टिपा देते आणि त्या त्यांना शेजाऱ्याला कळू द्यायच्या नाहीत.

अखेर तज्ज्ञ म्हणून मी मनावर घेतलं. त्यांना म्हटलं, तुमच्याकडे चांगला फोन आहे, स्वतःचा नंबर लावून घ्या, त्या पोरीला रोज कशाला त्रास. अण्णा म्हणाले, बघू की. सोमवारी म्हटलं चला, तर सोमवार सिद्धेश्वराचा. मंगळवारी आधार कार्ड सापडेना. गुरुवारी अक्कलकोट. शुक्रवारी ब्रोकरच्या ऑफिसातल्या मुलीला सर्दी झाल्याचं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. पण मीही मास्तर आहे, वर्गात गैरहजर राहणारी पोरं मी घरून उचलून आणलेली आहेत. एका बुधवारी सकाळी त्यांना स्कूटरवर बसवलं, ऑफिसात नेलं, फॉर्म मी भरला, सही त्यांनी केली. दोन दिवसांनी त्यांच्याच हातातला फोन वाजला आणि त्यावर सहा आकडे आले. मी म्हटलं, बघा, आता कुणावर अवलंबून राहायला नको. अण्णा थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. "लई बेस झालं," ते म्हणाले. इतकं हळू म्हणाले की मी ती कृतज्ञता समजलो.

त्यानंतर सव्वानऊची बाल्कनी शांत झाली. इमारतीनं सुटकेचा श्वास टाकला. शाळेत मी चहाच्या वेळी ज्येष्ठ नागरिकांच्या डिजिटल साक्षरतेवर थोडंसं भाषणही केलं. सहशिक्षकांनी ते ऐकून घेतलं, कारण चहा माझा होता.

दहा-बारा दिवस गेले असतील. शाळेच्या मधल्या सुट्टीत सविताचा फोन आला. तिनं आधी माझी चौकशी केली, मग वडिलांबद्दल विचारलं, "काका, अप्पा बरे आहेत ना? ओटीपी बंद झालेत."

मी अभिमानानं सगळी हकिगत सांगितली. मग ती म्हणाली, बरं केलंत. अगदी अण्णांच्याच त्या हळू सुरात म्हणाली. मला काहीतरी खटकलं. मी विचारलं, तू त्यांना फोन का नाही केलास? ती म्हणाली, केला होता. ते म्हणाले, सगळं बरंय, ठेवतो. नेहमी एवढंच म्हणतात. पूर्वी आई बोलायची. अप्पांकडे फोन शेवटी यायचा, तो ठेवायला.

मग ती थोडं हसली. सकाळी सव्वानऊला ती ऑफिसच्या दाराशी पोचते. वर गेलं की फोन लागत नाही, म्हणून फाटकापाशी एक झाड आहे, त्याखाली ती थांबायची. अजूनही पाच-दहा मिनिटं थांबते, मग वर जाते. हे तिनं सहज सांगितलं आणि मग कामाला बोलावलं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी नववीच्या वर्गाला कुठला धडा शिकवला, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांकडे गेलो. ते शेंगा सोलत बसले होते. फोन टेबलावर पालथा पडला होता. मी म्हटलं, बाजार वर गेलाय. ते म्हणाले, असंल. ओटीपी येत नाही का, असं विचारलं.

"येतंय की. मागितलं की लगीच येतंय." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "मास्तर, पोरीशी काय बोलायचं ते मला कधी जमलंच न्हाई. तिची आई बोलायची. आता मी नुसताच फोन लावला की ती घाबरून इच्यारती, काय झालं अप्पा? झालेलं तर काय नसतंय. मग काय सांगू तिला? ओटीपीला लावला की इच्यारत न्हाई. आकडे सांगती. मग म्हनती, जेवला का. मी म्हनतो, जेवलो. काय केलं हुतं, म्हनती. मग सांगतो."

मी त्यांना सांगितलं, की काल सविताचा फोन आला होता.

"काय म्हनली?"

"ओटीपी का येत नाहीत, विचारत होती."

अण्णांनी हातातली शेंग तशीच वाटीत टाकली. उठले, आत गेले आणि शर्ट घालून बाहेर आले.

ब्रोकरच्या ऑफिसात तीच मुलगी होती. तिनं विचारलं, काका, आत्ताच तर बदलला, आता परत का? घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर लावायचा तर वेगळं लिहून द्यावं लागतं, त्यात नातं आणि कारण भरावं लागतं, हेही सांगितलं. नात्यापुढं अण्णांनी स्वतः 'मुलगी' लिहिलं. कारणापुढं पेन थांबलं. ते माझ्याकडे बघायला लागले. आजवर माझ्या हातून एकाही फॉर्मचा रकाना चुकलेला नाही, पण तिथं काय लिहावं ते मलाही सुचेना. शेवटी त्या मुलीनंच सांगितलं, लिहा, मला मोबाइल नीट वापरता येत नाही. अण्णांनी खिशातल्या मोठ्या फोनवर हात ठेवून ते लिहिलं.

"तिचा नंबर सांगा," ती म्हणाली. मी तो शोधायला माझा फोन काढला. पण तोवर अण्णांनी दहाही आकडे सांगून टाकले होते, कुठंही न अडखळता.

"आणि तुमचा?"

अण्णांनी फोन काढून माझ्या हातात दिला. "माझा हितं कुटंतरी असतोय, बघा की," ते म्हणाले.