धाकटीची ओटी

काही वर्षांपूर्वी आम्ही मांजलपूरला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एक ठेंगण्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई भेटल्या. ओळखपाळख काही नसताना त्या मला म्हणाल्या, "धाकटी यंदा रुसलीय. श्रावण संपत आला, पण तिचा पत्ता नाही."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "माहेरी गेल्यात का?"

"तिचं माहेर वर," त्यांनी बोटाने लिफ्टचं छत दाखवलं.

मी चपापलो. गेली बिचारी! चेहरा शक्य तितका पाडून मी म्हणालो, "अरेरे. आजारी होत्या का?"

"आजारी कसली? गेल्या साली तर काठोकाठ भरली होती!"

एवढ्यात तिसरा मजला आला आणि बाई आमच्याच समोरच्या दारात शिरल्या. रात्री जेवताना मी आणि बायको याच कोड्यात होतो. "काठोकाठ भरली म्हणजे जलोदर असणार," बायकोने निदान केलं. सकाळी वॉचमनकडे चौकशी केली तेव्हा तो हसत सुटला. म्हणाला, "मोहितेबेन तो तळावनी वात करे छे, साहेब!"

आमच्या सोसायटीमागे महादेवाच्या देवळाला लागून एक तळं आहे. आहे म्हणजे असतं. असतं म्हणजे कधी असतं, कधी नसतं. पूर्वी आजूबाजूला शेतं होती तेव्हा सगळीकडचं पाणी वाहत तिथे यायचं. आता बिल्डिंगी उठल्या, रस्ते उंच झाले, आणि पाण्याला वाट पुसत यावं लागतं. एखाद्या वर्षी कमळं फुलतात, बगळे येतात, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. एखाद्या वर्षी तिथे नुसती भेगाळलेली जमीन असते आणि पोरं क्रिकेट खेळतात. हे तळं म्हणजे मोहितेमाईंची धाकटी जाऊ.

माईंना सख्खी धाकटी जाऊही आहे. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, छाणीला राहते. पण तिला माई 'छाणीची' म्हणतात. आपला मान एका डबक्याने पळवला हे त्या बिचारीला अजून पचलेलं नाही.

मोहिते म्हणजे जुन्या राज्याच्या फौजेतलं घराणं. माझे पणजोबा त्याच दरबारात कारकून होते, हे समजल्यापासून माईंनी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'कारकून' म्हणायला लागल्या. "आमच्यांनी तलवार चालवायची आणि तुमच्यांनी ती लिहून घ्यायची," असं त्या माझ्या बायकोसमोर म्हणत आणि वर मलाच चहा पाजत. तलवार आता घरात नाही, पण तो आवाज आहे. नवऱ्याची जुनी दुर्बीण घेऊन त्या बाल्कनीत बसत आणि तळ्याशी कुणी काही वाकडं केलं की तिसऱ्या मजल्यावरून तोफ सुटे. एकदा एका रिक्षावाल्याने रिक्षा पाण्यात घालून धुवायला काढली. माई वरून ओरडल्या, "कोईनी वहुना माथे रिक्षा धोवाय, भाई?" तो बिचारा रिक्षाखाली वाकून सून शोधत राहिला.

तळं कोरडं असलं की मात्र त्या क्रिकेटवाल्या पोरांना काही बोलत नसत. "ती नाही तोवर खोली वापरा," असं त्यांनी पोरांना बजावलं होतं. "पण ती आली की निमूट उठायचं. मग एक ओव्हर बाकी आहे, असलं काही ऐकणार नाही." एक साहेब तळ्याच्या सुशोभीकरणाचा नकाशा घेऊन आले होते. कारंजं कुठे, बाकं कुठे, हे त्यांनी फार उत्साहाने समजावून सांगितलं. माईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दागिने मागाहून घाला हो. आधी तिला पाणी द्या."

एकदा मी विचारलं, "माई, तळ्याला जाऊ का म्हणता? मुलगी म्हणा, मैत्रीण म्हणा."

पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "नागरवाड्यात आम्ही एका घरात चार चुली होतो रे. भांडायला माणूस शोधावं लागायचं नाही. ह्यांनी इथे घर घेतलं तेव्हा इथे माणूस नव्हतं. हे नोकरीवर, पोरं शाळेत. मी दिवसभर भिंतीशी बोलायचे. पहिल्या पावसात एक दिवस बघते तर महादेवाच्या खालच्या पायरीला पाणी लागलेलं. म्हटलं, चला, सोबतीला कुणीतरी आलं. नारळ घेतला, खण घेतला आणि तिची ओटी भरून आले. माझ्यानंतर घरात आली ती माझी धाकटी, बराबर ने?"

तेव्हापासून हा मोहित्यांचा सण झाला. खालच्या पायरीला पाणी लागलं की माई पुण्याला मुलाला, अजितला, सुरतेला मुलीला, शुभांगीला, आणि छाणीला दिराला फोन करत. फोनवर एकच शब्द असे, "आली!" एवढं बोलून फोन ठेवून देत. येणाऱ्या रविवारी सगळे हजर. आधी तळ्यावर ओटी, मग घरी पुरणपोळी, आणि संध्याकाळी भावोजींच्या हट्टासाठी शेव-उसळ. ओटीचा खण पाण्यात टाकायचा नाही, धाकटीला नुसता दाखवायचा आणि सुनेला द्यायचा, हा माईंचा नियम. "पाण्यात कापड टाकलं तर तिच्या घशात अडकतं," त्या म्हणत. त्यामुळे मृणालकडे, म्हणजे अजितच्या बायकोकडे, खणांची चळत साठली होती. मृणाल मुळातच कमी बोलणारी. या सगळ्या प्रकाराकडे ती पुणेरी शांतपणे बघायची. एकदा मला हळूच म्हणाली होती, "आमच्याकडे तलाव भरला की पेपरात येतं. ओटी वगैरे नसते."

अजित कधी म्हणाला की आई, व्हॉट्सअॅपवर फोटो तरी पाठव, तर माई फटकारत, "बायकामाणसांचे फोटो असे गावभर फिरवत नाहीत. यायचं आणि बघायचं."

माईंचं हे वेड मला गमतीचं वाटायचं. मग गेल्या वर्षी तळं भरलं नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही नव्हतं भरलं. तेव्हा एकदा माई सहज बोलून गेल्या, "गणपती छाणीला असतो. दिवाळी ज्याची त्याची आपापल्या घरी. माझ्या वाट्याला ही एकच. ती आली तर माझी माणसं येतात." आणि लगेच, "तुझ्या चहात साखर कमी आहे का रे कारकून?"

यंदाही श्रावण कोरडा गेला. भाद्रपदात दोन-चार सरी आल्या आणि रस्ता भिजवून गेल्या. माई आधी दुर्बीण घेऊन बसायच्या, मग दुर्बिणीशिवाय बसायला लागल्या. लिफ्टमध्ये भेटल्या तर हवापाण्याचं बोलायच्या. हवापाण्याचं बोलणाऱ्या माई मला मुळीच आवडल्या नाहीत.

आणि एका रविवारी सकाळी समोरच्या दारातून पुरणाचा वास आला. आत गेलो तर माई ओट्याशी, पदर खोचून.

"आज काय विशेष?"

"सगळे येतायत. अजित रात्रीच्या गाडीने निघालाय. पोचेलच."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? धाकटी आली."

मी बाल्कनीकडे वळलो. कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोधड्या वाळत घातल्या होत्या. एक गोधडी जरा बाजूला करून मी पाहिलं. खाली तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. यष्टिरक्षक जिथे उभा होता तिथे मागे कधीतरी कमळं असायची.

"माई..."

"ती गोधडी सरळ कर," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि तू काही बघितलं नाहीस."

 मी गोधडी सरळ केली.

दहाच्या सुमारास घर भरलं. अजित, मृणाल, शुभांगी, छाणीचे भावोजी आणि छाणीची. भावोजी म्हणाले, "छाणीला तर थेंब नाही हो वहिनी, इकडे बरा पडला!" माई म्हणाल्या, "हो ने, या बाजूचा पाऊस वेगळाच." मी चहात तोंड घातलं. मृणाल केस वाळवायला बाल्कनीकडे निघाली तर माईंनी तिला नारळ सोलायला बसवलं. शुभांगी गोधड्या काढायला गेली तर, "ओल्या आहेत!" अजित म्हणाला, "चला, ओटी उरकून येऊ." तर या म्हणाल्या, "आधी जेवून घ्या."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ओटी आधी आणि जेवण मग, हा नियम माईंनी काका, म्हणजे त्यांचे यजमान, दवाखान्यात असतानासुद्धा मोडला नव्हता. पण पुरणपोळ्या पुढ्यात आल्यावर कुणी वाद घातला नाही. माई स्वतः बसल्याच नाहीत. प्रत्येकाच्या पानाशी उभ्या राहून वाढत होत्या आणि प्रत्येकाचं तोंड बघत होत्या. अजितचे केस विरळ झाले म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तोही वाढता वाढताच. जेवणं झाली. ऊन आहे, थांबा, म्हणाल्या. ऊन उतरलं. मग मात्र त्यांना काही सुचेना. ताट हातात घेऊन त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला."

आम्ही सगळे मागोमाग निघालो. भावोजींनी सवयीने सोसायटीच्या फाटकातच पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

महादेवाच्या पायऱ्यांशी आलो. समोर सगळी कोरडी, भेगाळलेली जमीन. एका पोराने चेंडू उंच मारला होता, तो पडेपर्यंत आम्ही सगळे चेंडूकडेच बघत राहिलो. भावोजी दुमडलेल्या पँटीत पायरीवर उभे.

"आई," अजित म्हणाला, "तू तर म्हणालीस..."

"खोटं बोलले." माईंनी ताट खाली ठेवलं नाही. "आली नाही ती. तीन वर्षं झाली. ती येत नाही म्हणून तुम्ही येत नाही. मी तुम्हाला उगाच या कसं म्हणू? तुमच्या नोकऱ्या, तुमच्या पोरांच्या शाळा. काहीतरी कारण लागतं ना रे माणसाला. माझ्याकडे एवढंच होतं." मग फार हळू म्हणाल्या, "मला तुमची तोंडं बघायची होती."

शुभांगीला रडू आलं. अजित पायातले बूट बघत राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि जागचं हलवतही नव्हतं. छाणीची पुढे झाली. जन्मभर ज्याच्यावर रुसली त्या तळ्याच्या खालच्या पायरीवर ती उकिडवी बसली आणि पदराने धूळ झाडली. "आणा ते ताट, थोरल्या बाई. इतक्या लांब आलोय ते रिकाम्या हाताने जायला नाही," ती म्हणाली.

माईंनी कोरड्या मातीवर हळद-कुंकू वाहिलं. तांदूळ ठेवले, हळकुंड, सुपारी, नारळ. क्रिकेट आपोआप थांबलं. पोरं बॅट काखेत धरून लांब उभी राहिली. माईंनी खण उचलला, जमिनीला दाखवला आणि दरसालप्रमाणे मृणालच्या हातात दिला. 

मृणालने खणाची घडी नीट केली. म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी तुम्ही फोन करू नका."

माईंचा चेहरा उतरला. "नाही करणार गं. चुकलं माझं."

"तसं नाही. फोनची वाट कशाला बघायची? भाद्रपदात आम्हीच येऊ. धाकटी आली की नाही ते इथे येऊनच बघू."

अजितने मान हलवली. भावोजी म्हणाले, "आणि आम्ही तर काय, छाणीहून अर्ध्या तासात."

 माईंनी खाली वाकून भेगाळलेल्या मातीवर तळहात टेकला.

"ऐकलंस ना गं?" त्या म्हणाल्या. "आता तू सावकाश ये."