नऊ इंची भिंतीतला कोनाडा

हिरवं कापड, वीतभर.

मुलीच्या वडिलांचा वाटूरहून आलेला निरोप : "वर एक खोली चढवा, मंग तारीख धरू."

शहराच्या नव्या विकास आराखड्यातली एक ओळ : जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांमध्येही यापुढे दुमजली घराला परवानगी.

भर दुपारी, कोणी न लावलेली उदबत्ती.

लघवी.

गोष्ट यातल्या शेवटच्या शब्दापासून सुरू झाली. जुन्या जालन्यात भारतच्या घराची एक भिंत बोळाच्या तोंडाशी येते, आणि बाजारातून परतणाऱ्या प्रत्येक पुरुषाला नेमकं तिथंच थांबावंसं वाटायचं. भारतने भिंतीवर 'येथे थांबू नये' असं लिहिलं. लोक ते वाचत थांबू लागले. देवांच्या चित्रांच्या फरश्या लावायच्या म्हटल्या, तर बायको मीना कडाडली, "देवाला असल्या जागी उभं करता का?"

मग दोन वर्षांपूर्वी त्याने भिंतीत एक कोनाडा करून घेतला. पाच बोटं खोल. आत पणती, वर हिरवं कापड. नाव नाही, मूर्ती नाही. कोणाचा आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे सगळ्याच धर्मांचे लोक सारखेच घाबरले. आठवड्यात भिंत कोरडी झाली.

दुसऱ्या महिन्यापासून लोक तिथं चपला काढू लागले. पणती विझायची बंद झाली.

"तेल तुम्ही घालता ना?" मीनाने एकदा विचारलं.

"मी? मी समजलो तू घालतीस."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग वांग्याच्या भाजीचा विषय काढला.

*

अर्ज : राहत्या घरावर दुसरा मजला बांधणेबाबत.

उत्तर : आपली पूर्वेची भिंत वारसा यादीत आहे. नोंद क्रमांक ४१. प्राचीन दीपकोनाडा, अंदाजे साडेतीनशे वर्षे. भिंतीस धक्का लावू नये. हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे.

भारत हे वाचून हसला. मग त्याला एकतीस वर्षांचा मुलगा मिथुन आठवला. तीन स्थळं मोडल्यावर वाटूरची तृप्ती पाहून आलेलं आपलं पोरगं पहिल्यांदा आरशासमोर शीळ घालत होतं. खोली नाही तर तृप्ती नाही. भारत उठला आणि कोनाडा बांधणाऱ्या बदरोद्दीन मिस्त्रींच्या घरी गेला.

"मिस्त्री, एक कागद लिहून द्या. कोनाडा तुम्ही केला, दोन वर्षं झाली, बस."

बदरोद्दीनने चहा बशीत ओतला. "कोणता कोनाडा?"

"अहो, आमच्या भिंतीतला! रविवारी दुपारी आल्ते तुम्ही."

"भारतभाऊ, त्या साली माझा पाय मोडल्ता. चार महिने हसनाबादला गजालाकडं पडून होतो. पोरीला फोन लावून विचारा."

"मंग कोण आल्तं?"

"मला काय विचारता? चहा कोणाला पाजला ते आठवा."

भारतने आठवून पाहिलं. चहा दोन कप झाला होता, हे पक्कं. समोरच्या माणसाचे हात आठवले, चुन्याने पांढरे झालेले. त्यांच्या वर चेहरा काही येईना.

बदरोद्दीनने आवाज खाली आणला. "आन् खरं सांगू? तो कोनाडा मला लहानपणी अब्बांनी दाखवल्ता."

"मिस्त्री, भिंतच अठ्ठ्याण्णव सालची हाय! मी बांधली!"

"मंग कोनाड्याच्या भवताल बांधली असंल," बदरोद्दीन शांतपणे म्हणाला. "बिलकुल बराबर बांधली. कोनाड्याला धक्का लागला न्हाई."

*

साक्ष क्रमांक २. चांगुणाबाई, समोरच्या घरातल्या, वय ऐंशीच्या पुढे.

"माझ्या वरातीचं घोडं अडल्तं त्या कोनाड्यापाशी. जागचं हालंना."

"मावशी, तुमची वरात तर कुंभार पिंपळगावात निघाल्ती," भारत म्हणाला.

"मंग? जनावराला लांबून कळतं."

*

पाहणी दुपारी बारा वाजता झाली. वारसा समितीकडून अफ्रीन मॅडम आल्या. हातात फॉर्म, पर्समध्ये मोजायची घडीची पट्टी. बोळात चिटपाखरू नव्हतं. कोनाड्यात ताजी उदबत्ती जळत होती. तिची राख अजून पडली नव्हती.

"तुम्ही लावली?"

"न्हाई मॅडम."

त्यांनी पट्टी आत सरकवली. पाच इंच. नऊ. चौदा. पट्टी जातच राहिली. बावीस इंचांवर कशाला तरी टेकली, आणि ते जे काही होतं ते किंचित मागे सरकलं.

"भिंत किती जाड आहे?"

"नऊ इंच."

"पलीकडे काय?"

"सैपाकघर."

भारत आत पळाला. सैपाकघराची भिंत सपाट होती. फळीवर डबे ओळीने उभे होते.

"मीने, भिंतीतून काही आलं का?"

"काय करून राह्यले तुम्ही? भिंतीतून काय येणार? जल्दी बाजूला व्हा, फोडणी जळंल."

बाहेर अफ्रीन मॅडमनी पट्टी ओढून घेतली. तिचं टोक कोमट होतं आणि तेलकट. त्यांनी वास घेतला. "तिळाचं आहे."

"आम्ही तर सोयाबीनचं वापरतो," मीना खिडकीतून म्हणाली.

मॅडमनी लिहून घेतलं. कोनाड्याची खोली : बावीस इंच. भिंतीची जाडी : नऊ इंच. शेरा : मोजमाप बरोबर.

"मॅडम, हे बराबर कसं?"

"दोन्ही आकडे बरोबर आहेत," त्या टोपण लावत म्हणाल्या. टोपण दोनदा हुकलं. "वजाबाकीचा रकाना फॉर्ममध्ये नाही."

जाताना त्या बोळाच्या टोकापर्यंत अनवाणी गेल्या. चपला हातात होत्या.

*

सुनावणीसाठी भारतने तीन वाक्यं पाठ केली होती. कोनाडा मी केला. लोकांची लघवी थांबावी म्हणून केला. भिंत मोकळी करा, माझ्या पोराचं लग्न थांबलंय.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "घरमालक तुम्हीच? हा कोनाडा तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात?"

भारतने तोंड उघडलं. पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर होतं.

"आज्याच्या खांद्यावर बसलो होतो," तो म्हणाला. "आजा म्हणला, डोकं खाली घे, पणती लागंल."

मागच्या बाकावरून मीना उठली.

"अहो! तुमचे आजे तर तुमच्या जन्माआधीच वारले!"

"माहीत हाय मला," भारत रडवेला झाला. "पर खांदा हाडकुळा होता गं. टोचत होता."

अध्यक्षांनी मान डोलावली. एक सदस्य पुटपुटला, "हाडकुळाच होता." त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

निर्णय : कोनाडा कायम. भिंतीवर भार टाकता येणार नाही, सबब दुसरा मजला नामंजूर. घरमालकांची साक्ष सर्वांत विश्वासार्ह मानण्यात येत आहे.

भारत आणि मीना घरी परतले. बोळाच्या तोंडाशी त्याने चपला काढल्या. आत वाकून पणतीची वात पुढे केली. हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"वाटूरला आता काय तोंडानं फोन लावायचा?" मीना म्हणाली. "पोरगं जीव देईल हो."

भारत पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मिथुन आणि तृप्ती यांचं लग्न सुनावणीच्या अकरा दिवस आधी, मंगळवारी, दोन्ही घरांना न कळवता, वाटूरच्या देवळात झालेलं होतं.