चाकलेटचे पारखी

हे आत्ताच सांगून टाकतो, सकाळपर्यंत माह्या पोटात राहणार नाही. आमच्या दिग्रसात एक माणूस असा आहे की तो चाकलेट चाखते आणि निकाल तोंडानं सांगत नाही. तुमचा हात धरते, वरून रुमाल टाकते आणि बोटं दाबते. पाची बोटं दाबली तर माल पास. नुसती करंगळी दाबली तर चाकलेट उचला आणि गुमान घरी जा.

हे आमच्या शेजारचे अण्णाजी. साठी उलटली, धोतर, काळा कोट, आणि डोक्यावर टोपी इतकी घट्ट की ती काढलेली कोणी पाह्यलीच नाही. सारी उमर आडतीत कापसाचे पारखी होते. बाहेरगावच्या माणसाले सांगावं लागन, कापसाचा भाव आमच्याकडे रुमालाखाली ठरते. दोघं जण आतून बोटं दाबते, बाजूच्याले पत्ता लागत नाही. तोंडानं मग काहीही बोलोत, ऊनपाण्याचं बोलोत, एकमेकाच्या खानदानाले शिव्या देवोत, बोटानं सांगतलं तेच खरं. रुमालात जो खोटं बोलला, त्याच्यापाशी दुसऱ्या दिवशी कोणी गाडी सोडत नाही.

आडत सुटली, पण अण्णाजीची बोटं काही सुटली नाही. लग्नात बसले की गादीच्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस ओढते आणि दोन अंगठ्यांत ताणून पाहते. आमच्या घरी नवी उशी आली तर माह्या बाबाले म्हणे, "जुना माल हाये मास्तर. पिंजून नवा करून देल्ला तुमाले." बाबाले त्या उशीवर पुढे कधी झोप लागली नाही.

आता चाकलेट कुठून आलं ते ऐका. हंगामात मुंबईचे व्यापारी येत. अण्णाजी पान खात नाही, बिडी ओढत नाही, मग त्याइले खूश कसं करावं? कोणीतरी एकदा चाकलेटचा डबा आणला. तेव्हापासून दरसाल डबे येऊ लागले, आणि अण्णाजी त्याचेही पारखी झाले. आता गावात कोणाकडे काही निराळं चाकलेट आलं, की ते आधी अण्णाजीच्या ओसरीवर जाते.

चाखायची तऱ्हा कापसाचीच. आधी उजेडात धरते. मग कानापाशी नेऊन तोडते. आवाज नाही झाला तर, "ओल हाये." मग हुंगते, मग जिभेवर ठेवून डोळे मिटते, आणि जबडा बिलकुल हलवत नाही. काजूबिजू लागला तर, "सरकी निघाली." चव तोंडात टिकली नाही तर, "धागा आखूड हाये." एकानं पुदिन्याचं आणलं होतं. अण्णाजीनं डोळे उघडले आणि म्हणे, "दात घासून झाले. आता चाकलेट दे." फौजेतून सुटीवर आलेल्या एकानं आत दारू भरलेलं आणलं, तर अण्णाजीनं उरलेला तुकडा पुन्हा हुंगला. मग म्हणे, "हा माल घरी उशिरा येत असन." हे सगळं गमतीचं. खरा निकाल मात्र रुमालातच. चारचौघांत कोणाच्या मालाले वाईट म्हणू नये, असं त्याइचं म्हणणं.

आता आमच्या वहिनीचं. सुमनवहिनी आर्णीची. तिचे वडील तिथल्या बाजारात दलाल. दादाची नोकरी पुसदले, तो शनिवारी संध्याकाळी येते आणि रविवारी दुपारच्या मोटारीनं जाते. वहिनीले गावात सगळे मास्तरची सून म्हणते. तिनं नागपुराहून कोकोचा डबा मागवला आणि घरी चाकलेट करायले लागली. घरचं लोणी, साखर, दुधाची पावडर, आणि आत काय भरन त्याचा नेम नाही. भाजलेली जवस, मोहाची फुलं, ज्वारीच्या लाह्या. एकदा लाल मिरची टाकली, तर बाबा अंगणात जाऊन उभे राह्यले. ओल्या रेतीत परात ठेवायची आणि परातीत वड्या थापायच्या. म्हणून हे काम फक्त थंडीचं.

तिले चौकातल्या कासमभाईच्या दुकानात बरणी ठेवायची होती. मी म्हटलं, "पैसे पाहिजे काय तुले?"

"पैसे नाई हो भाऊजी. बरणीवर चिठ्ठी राहीन, सुमनचे चाकलेट म्हणून. या गावात माह्यं नाव कुठंतरी लिहिलेलं दिसलं पाहिजे."

कासमभाई म्हणे, "अण्णाजी पास करे तो बरणी तुम्हारी. नही तो मेरा गिऱ्हाईक मेरेकूच गाली देगा."

मग मराठी माणसाचं नवं राज्य झाल्यावरच्या या पहिल्या हिवाळ्यात आमचा दर रविवार अण्णाजीच्या ओसरीवर. दादाची मोटार गेली की मी आणि वहिनी वाटी घेऊन निघत होतो. बाईमाणसाचा हात रुमालात घेता येत नाही, म्हणून तिचा निकाल अण्णाजी तोंडानंच सांगत. "जवस कडू पडली. पुढच्या रविवारी पाहू." "गोड जरा कमी पाहिजे. पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी गोड कमी, तर म्हणे, "मागचं बरं होतं."

वहिनी घरी येऊन भांडी आपटे. पण तिथं बसली की दोघांच्या गोष्टी संपत नव्हत्या. आर्णीचा बाजार, कोणता दलाल कसा खोकते, कोणता बैल कोणाले मारते. घरवाली माई वारल्यापासून अण्णाजी एकटेच, चहा स्वतःच करून आणत. तो चहा म्हणजे गरम पाणी, पण वहिनी पीत असे.

होळी जवळ आली. होळी झाली की वड्या घट्ट होत नाही, म्हणजे बरणीचं काम थेट दिवाळीवर. या गेल्या रविवारी वहिनीनं आत बोरकूट आणि चारोळी भरली होती. मी चोरून एक खाल्ली होती आणि मले दुसरं काही सुचत नव्हतं. अण्णाजीनं तोडली, हुंगली, डोळे मिटले. यावेळी जबडा हलला. मी स्वतः पाह्यला.

म्हणे, "बरं हाये. पण धागा आखूड. पुढच्या रविवारी पाहू."

वहिनी उठली नाही. म्हणे, "अण्णाजी, रुमाल काढा."

"बाईमाणसाचा हात नाई घेत पोरी."

"माहा नका घेऊ. भाऊजीचा घ्या. त्याइच्या हातात सांगा."

दलालाची पोरगी ती. अण्णाजी तिच्याकडे पाहत राह्यले, मग वाटीकडे, मग रस्त्याकडे. मले वाटलं आता अण्णाजी उठून आत जातीन. पण त्याइनं कोटाच्या खिशातून रुमाल काढला, माह्या हातावर टाकला आणि आतून हात धरला. हात थंडगार होता. अंगठा दाबला. मग एकेक करून चारही बोटं. आणि हात सोडलाच नाही.

वहिनी म्हणे, "किती, भाऊजी?"

"पाच," मी म्हटलं.

"कधीपासून पाच हाये, अण्णाजी?"

ते खाली पाहून म्हणे, "संक्रांतीपासून."

"मंग काहून नाई सांगतलं? मी रडली ना घरी जाऊन."

अण्णाजीनं माहा हात सोडला आणि रुमालाची घडी केली. मग हळू आवाजात म्हणे, "माल पास झाल्यावर गाडीवाला थांबते काय बाजारात? बैल जुंपते अन् जाते. तुम्ही दोघं आले की हे घर बोलते पोरी. माई गेल्यापासून इथं कोणी बोलत नाई."

वहिनीनं डोळे पुसले की राग गिळला, मले नाही समजलं. ती म्हणे, "उद्या कासमभाईले तुम्हीच सांगा. अन् रविवारी चहा मी टाकीन. तुमच्याइतका वाईट चहा आर्णीतही नाई."

बरणी लागली. चिठ्ठीही लागली. आणि आज पुन्हा रविवार. आज वाटी नव्हती, वहिनीनं टोपलंभर चिंच नेली फोडायले. तिघं ओसरीवर बसलो. अण्णाजी चिंचोके काढत होते आणि आपल्या नागपूरच्या पोरीचं सांगत होते. पोरगी आहे हे मले आजच समजलं. लहानपणी ती माईच्या मागंमागं चिंच चोरून खाये म्हणे. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्याइनं कशालेच नाव ठेवलं नाही, चिंचेलेही नाही. मी तिथून उठलो तो सरळ हे लिहायलेच बसलो.

आता मले सांगा, तुम्ही पुन्हा यावं म्हणून तुमाले कोणी असं नापास केलं काय कधी? आणि तुमाले ते कधी समजलं?