बाहेरचं गिऱ्हाईक

आपला सल्ला घरात कोणी ऐकत नाही, हे आमच्या सल्लागाराचं जुनं दुखणं होतं. परदेशातल्या एका कंपनीला, गोदामात माल कसा रचावा हे तो संगणकावरून सांगायचा, आणि त्यावर घर चालायचं. (त्याचं स्वतःचं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळायचे, ती गोष्ट वेगळी.) त्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाचा करार संपत आला होता. नवा करायचा की नाही, ते ठरवायला कंपनीचे साहेब स्वतःच घरी येणार होते.

साहेब मूळचे आपलीच भाषा बोलणारे, त्यामुळे बायको निर्धास्त होती. सल्लागाराचा मात्र जीव टांगणीला लागला. खबरदारी म्हणून त्याने मेहुण्याला फोन केला. मेहुणा लोकांचे कर भरून द्यायची कामं बघायचा आणि शब्दही कर लागत असल्यासारखे वापरायचा.

"गिऱ्हाईक बाहेरचं असेल तर जीएसटी शून्य, भावोजी. आतलं असेल तर लागतो," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

सल्लागाराने यावर विचार केला, आणि तिथेच घोळ झाला. साहेब आजवर बाहेर होते. आता ते आत येणार, त्याच्याच सोफ्यावर बसणार आणि तिथे बसून सल्ला ऐकणार. म्हणजे कर आलाच. तेव्हा साहेब विमानात बसेपर्यंत कामाचं अवाक्षर काढायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला.

साहेब आले, चहा झाला. आमच्या गोदामात माणसं दिवसभर नुसती चालतात, काय करावं, असं त्यांनी विचारलं. चालणं तब्येतीला चांगलं, सल्लागार म्हणाला. जड खोकी वर ठेवावीत की खाली? दोन्हीकडे ठेवणारे लोक असतात, तो म्हणाला. साहेबांनी गोदामाचा नकाशा पसरला, तर याने त्यावर बिस्किटांची बशी ठेवली. साहेबांचा चेहरा उतरत चालला होता. पण सल्लागार हटला नाही.

शेवटी बायकोला राहवलं नाही. तिने बशी उचलली.

"साहेब, रोज लागणारा माल दाराशी ठेवा आणि जड खोकी कमरेच्या उंचीवर. चालणं निम्म्यावर येईल. लग्न झाल्यापासून जेवताना हेच ऐकतेय मी. आज यांच्या तोंडाला कुलूप का लागलंय, देव जाणे."

सल्लागाराने टेबलाखालून तिला पाय मारला. तो साहेबांना लागला.

साहेब गेल्यावर मेहुणा आला. सगळी हकिकत ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अहो, बाहेरचं म्हणजे ज्याचा धंदा परदेशात आहे ते. मग तो माणूस तुमच्या सोफ्यावर बसला काय नि पलंगावर लोळला काय, कर शून्यच."

सल्लागाराने बिस्किटांची बशी मेहुण्यापुढे सरकवली.

नवा करार मात्र झाला. बायकोशी. आता संगणकापुढची खुर्ची तिची आहे. पहिल्याच दिवशी तो चहा घेऊन गेला, तेव्हा तिने मान वर न करता विचारलं,

"अहो, माझं गिऱ्हाईकही बाहेरचंच ना? मग मला कर नाही ना लागणार?"

"नाही," तो म्हणाला.

"बघा, विचारलं की सांगता येतं तुम्हाला," ती म्हणाली. "साखर विसरलात."