मोदकपात्रातलं मत

यतिन वाघुळदेनं भरलेला एकही फॉर्म आजवर परत आला नव्हता! व्हिसा, कायम राहण्याचा पीआर, टॅक्स, मेडिकेअरचा आरोग्यविमा, मुलीच्या शाळेच्या सहलीचं संमतिपत्र, सगळं काळ्या पेननं, चौकटीबाहेर टिंबही न जाऊ देता भरलेलं. मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातले निम्मे मराठी लोक कुठलाही फॉर्म आला की यतिनला फोन लावत, आणि यतिन फोन उचलायच्या आधी खुर्चीत जरा ताठ बसे.

घरात तर प्रश्नच नव्हता. फॉर्म यतिननं भरायचा, सहीच्या जागी पेन्सिलनं बारीक फुली मारायची, आणि त्याच्या बायकोनं, मयूरानं, त्या फुलीवर सही करायची. वाचणंबिचणं काही नाही! चौदा वर्षं हीच पद्धत. भारताचं नागरिकत्व सोडल्याचा फॉर्मही तिनं असाच सही करून दिला, आणि रद्द म्हणून भोक पाडलेला जुना पासपोर्ट परत आला त्या दिवशी बाथरूमचं दार लावून रडली. इथलं नागरिकत्व मिळालं, त्याच संध्याकाळी यतिननं मतदारयादीत तिचं नाव ऑनलाइन नोंदवूनही टाकलं. केक कापायच्या आधी!

त्यामुळे ऑक्टोबरात काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीची दोन जाडजूड पाकिटं टपालानं आली, तेव्हा यतिनला त्यात निवडणूक दिसलीच नाही. त्याला दोन फॉर्म दिसले. मतदान सगळं पोस्टानंच होतं. मतपत्रिकेवर सातही उमेदवारांना पसंतीप्रमाणे एक ते सात आकडे द्यायचे, ती पाकिटात चिकटवायची, पाकिटावर सही करायची आणि शुक्रवारी सहाच्या आत पोस्टात टाकायची.

"अर्ध्या तासाचं काम!" यतिन म्हणाला आणि रविवारी सकाळी टेबलाशी बसला. उमेदवारांची पत्रकं त्यानं शुद्धलेखन तपासावं तशी तपासली. हेदर नावाच्या एका निवृत्त नर्सबाईंनी चक्क उन्हाळी टोपी घालून फोटो दिला होता. असला फोटो पासपोर्टवाल्यांनी घेतला असता का? सातवा नंबर! स्वतःची मतपत्रिका भरून झाली, तसे तेच आकडे त्यानं मयूराच्या मतपत्रिकेवर उतरवले, पाकीट चिकटवलं, फुली मारली आणि स्वयंपाकघरात गेला.

मयूरा फोडणी घालत होती. "कुठे?" तिनं विचारलं.

"फुलीवर."

कशावर, हे न बघताच झाली सही!

सोमवारी यतिन घरूनच काम करत होता. साडेबाराला मयूराचा फोन आला. ती चाइल्डकेअरमध्ये शिक्षिका होती, मागे वीस पोरं एकदम रडत होती.

"यतिन, माझं मतदानाचं पाकीट कुठेय रे? तीनला सुटते, शिवांगीला घेते आणि घरी येऊन मत देते. सगळ्यांची पत्रकं वाचून झालीत माझी. कागदावर नंबरसुद्धा काढून ठेवलेत!"

"अगं, पण..."

"पण नाही. एवढा एक फॉर्म माझा मी भरणार. पासपोर्ट गेला तो गेला, निदान मत तरी माझ्या हातानं देऊ दे. तू हात नको लावूस, कळलं?"

"छे छे! मी कशाला हात लावू?" असं म्हणून यतिननं फोन ठेवला, आणि मग कधी नव्हे ते माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्याचं मत भरणं हा गुन्हा आहे, असं तिथं ठळक अक्षरांत छापलं होतं.

पण फॉर्मवाल्या माणसाला उपाय सुचतोच! पाकीट अलगद उघडायचं, आकडे खोडरबरनं खोडायचे, पुन्हा ठेवून द्यायचं. पेननं लिहिलेले आकडे खोडरबरनं कसे जातील, हा विचार त्यानं पुढच्या पायरीसाठी राखून ठेवला.

अडीचपर्यंत खटपट करूनही सुरीनं पाकीट उघडेना. डिंक असा जबरदस्त, की सरकारनं त्यावरच सगळा खर्च केला असावा! मग त्याला वाफ आठवली. गणपतीनंतर गराजमध्ये गेलेलं मोदकपात्र त्यानं शोधून आणलं, तळाला पाणी घातलं, चाळणीवर पाकीट आडवं ठेवलं आणि झाकण लावलं. दोन मिनिटं, बस्स!

तेवढ्यात तीनची मीटिंग सुरू झाली. मॅनेजर म्हणाला, "यतिन, क्विक अपडेट दे, मेट." क्विक अपडेट पंचवीस मिनिटं चाललं. यतिन धावत आला तेव्हा पाकीट उघडलं होतं, हे खरं. पण ते चारी बाजूंनी उघडलं होतं! आतली मतपत्रिका केळीच्या पानासारखी मऊ झाली होती, आणि पाकिटावरची मयूराची सही ओघळून काउन्सिलच्या चिन्हापर्यंत पोचली होती.

"वाळेल!" यतिन स्वतःला म्हणाला आणि इस्त्री काढली.

कागदाला इस्त्री कॉटनवर ठेवायची की सिल्कवर, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. त्यानं कॉटनवर ठेवली. आधी वाफ आली, मग वास आला, मग धूर आला, आणि छतावरचा स्मोक अलार्म असा काही बोंबलला की शेजारचं कुत्रंही सुरात सूर मिसळायला लागलं! यतिन खुर्चीवर उभा राहून टॉवेलनं अलार्मला वारा घालत असतानाच दार उघडलं.

"ओ माय गॉड, डॅड!" शिवांगी म्हणाली. ती चौदा वर्षांची होती आणि बापाबद्दल तिचं मत बरंच आधी बनलेलं होतं.

मयूरा सरळ शेगडीकडे गेली. तिनं गॅस बंद केला. मोदकपात्रात पाहिलं, मग इस्त्रीखाली पाहिलं. तांबूस डाग पडलेल्या त्या कागदावर सात आकडे अजून नीट वाचता येत होते. चौकटीबाहेर टिंबही नव्हतं.

"हे तुझं अक्षर आहे," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं, नेहमीसारखं..."

"हेदरला सातवा?"

"तिनं टोपी..."

"यतिन, ती बाई दोन आठवड्यांपूर्वी आपल्या दारात आली होती. या टेबलाशी बसून पोहे खाऊन गेली. तिनं मला विचारलं, तुला या भागात काय हवंय? मी म्हटलं, बसस्टॉपपासून घरापर्यंत फूटपाथ हवाय, पावसात चिखलातून चालत येते मी. तिनं ते लिहून घेतलं." मयूराचा आवाज चढला. "चौदा वर्षांत मला काय हवंय हे असं लिहून कोणी घेतलंय रे? तू माझ्या सह्या घेतल्यास!"

यतिन खुर्चीवर उभाच होता. उतरावं की न उतरावं, हे त्याला ठरवता येईना. चूक झाली, एवढंच तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला. मग सवयीनं त्यानं फोन उचलून निवडणूक हेल्पलाइनला लावला, पण मयूरानं तो हातातून काढून घेतला. असले फोन तिनं कधी केले नव्हते. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"माझी मतपत्रिका खराब झालीय," ती इंग्रजीत म्हणाली.

"ओह डिअर! कशी खराब झाली?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

मयूरानं एकदा मोदकपात्राकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "माझ्या नवऱ्यानं भरली. मग वाफवली. मग भाजली."

पलीकडे खुदकन हसल्याचा आवाज आला. मग त्या बाई म्हणाल्या, "नो वरीज, लव्ह. भरणारे नवरे आम्हाला रोजच भेटतात. शिजवणारा हा पहिलाच!"

शिवांगी हसत हसत जमिनीवर बसली. यतिनला वाटलं, निदान कशात तरी पहिला नंबर आला.

मंगळवारी कामावरून येताना मयूरा निवडणूक कचेरीत गेली आणि नवीन पाकीट स्वतः घेऊन आली. चहा घेतला. मग बेडरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. यतिन बाहेर येरझाऱ्या घालत होता. सात आकडे लिहायला इतका वेळ? चुकली तर नाही ना? एखादा नंबर दोनदा तर नाही ना टाकला? शेवटी राहवेना, तसा तो दाराला तोंड लावून म्हणाला, "मयूरा, काही अडलं तर सांग हं. मी इथेच आहे."

आतून आवाज आला, "अडलंय."

यतिनचा चेहरा उजळला. तो ताठ उभा राहिला, घसा साफ केला. "बोल, काय अडलंय?"

"सगळं कधीच झालंय. फक्त तू दारातून हललास की पोस्टात टाकायला निघते."